कोटाच्या खिशातली गोळी

बाबा,

थंडी पडली. तुमचा तपकिरी कोट ऊन दाखवून दारामागे टांगलाय, त्यामुळे ‘घालायला काय आहे?’ ही सबब संपली. आई गेल्यापासून तुम्ही खिडकीला पहारा देताय. खिडकी कुठे पळत नाही.

लोकरीचे कपडे ठेवून देताना आई प्रत्येक खिशात लिमलेटची गोळी टाकायची, ‘पहिल्या थंडीचं तोंड गोड’ म्हणून. या खेपेचेही कपडे तिनेच ठेवलेत. माझ्या खिशात निघाली. तुमच्या खिशाला मी हात लावलेला नाही.

कोपऱ्यापर्यंत फिरून या, तिथेच खिसा बघा. फक्त आधी वास घ्या. गेल्या वर्षी डांबरगोळी तोंडात टाकून तुम्ही म्हणालात, ‘हिच्या हाताची चव गेली.’ आई आठवडाभर हसत होती.