हात लावला की वाटा

५ नोव्हेंबर, बुधवार

परत बांगडे! चौदा! दीपेशने पायरीवर पिशवी टेकवली, "बाई, वाटो!" म्हणून ओरडला आणि निघून गेला पण. चौथीत माझ्या हातच्या छड्या खाल्लेला मुलगा, आता रापणीत सगळ्यांच्या पुढे असतो. फ्रीजमध्ये परवाचे पेडवे अजून तसेच पडलेत. एकट्या बाईने खायचं तरी किती?

पन्नास माणसं सकाळभर दोन दोऱ्या ओढून रापणीचं जाळं किनाऱ्याला लावतात, वाळूत माशांचे वाटे घालतात, आणि त्यातला एक मला — जिने जन्मात त्या दोरीला हात लावलेला नाही! का, तर ह्यांचा वाटा. हे जाऊन फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. पण रापणीची रीतच आहे, माणूस गेला तरी त्याच्या घरचा वाटा चालू. अशी नऊ घरं आहेत वाडीत.

मला पेन्शन आहे. शेजारी जानकीला काय आहे? नवरा गंगाराम गेल्यापासून पेज आणि हा वाटा. मुलगा गोव्यात हॉटेलात, आला तर गणपतीला येतो. तिलाही चौदा, मलाही चौदा. ही कसली समानता? तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण हे गणित माझ्या डोक्यात शिरत नाही.

ह्यांना फुकटचं कधी आवडलं नाही. २०१२ साली सावंतवाडीच्या डॉक्टरांनी छातीचं दुखणं सांगितलं, जोर करायचा नाही म्हणाले, तरी हे आपले रोज रापणीवर. मी ओरडायचे. "अगो, दोरयेचो हात आसा, सुटाचो नाय," म्हणायचे. मी सकाळची शाळेत, बघणार कोण! पण शेवटपर्यंत ओढून खाल्लं माझ्या माणसाने.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सहा बांगडे साफ करून डब्यात घातले, जानकीला देऊन आले. "ह्या कित्याक गो वयनी? माका आसत," म्हणाली. घेतले मात्र. संध्याकाळी डबा परत आला, आत मूठभर सोलं. तिच्याकडून डबा कधी रिकामा येत नाही. एकदा तर बिचारीने नुसती चार जास्वंदीची फुलं घालून पाठवला होता.

डबा देताना सरकारच्या दीड हजारांवरून वाद झाला. मी म्हटलं, दारात गाडी असलेल्या बायकाही फॉर्म भरून मोकळ्या झाल्या, हे बरोबर का? गरज बघून द्यायला नको? ती विळीवरून मान वर न करता म्हणाली, "सगळ्यो घेतत म्हणान मी घेतंय. माका एकटेक दिले तर घेवचंय नाय." आता हा काय युक्तिवाद! गरज हिला, आणि सोबतीला हिला गाडीवाल्या पाहिजेत! घरी येईपर्यंत मी चरफडत होते.

९ नोव्हेंबर, रविवार

जाळी ठेवायच्या मांगरात रापणीची बैठक होती. मी मुद्दाम गेले.

दीपेश तावातावाने उठला. मासे कमी झालेत, बाहेर मोठ्या बोटी सगळं गाळून नेतात, किनाऱ्याला येतंय काय? "ओढीत तेकाच वाटो! बसान खातत तेंचो बंद करा!" सत्यवान — ह्यांचा चुलतभाऊ, रापणीत शेवटचा शब्द त्याचा — नुसता तंबाखू मळत बसला होता.

मग मी उभी राहिले. म्हटलं, दीपेश, तुझं अर्धं बरोबर, अर्धं चूक. ज्या घरात खायची भ्रांत आहे त्यांना द्यायलाच हवं, उलट जास्त द्या. पण ज्यांना गरज नाही त्यांनी का घ्यावं? माझ्यापासून सुरुवात. माझा वाटा आजपासून बंद. आणि हेही सांगितलं, की माझ्या नवऱ्याने छातीचं दुखणं घेऊन शेवटच्या दिवसापर्यंत दोरी ओढली, कधी बसून खाल्लं नाही. त्याच्या नावावर मी बसून खाणार नाही!

सगळे खाली वाळूत बघत होते. दीपेशसुद्धा. म्हटलं, चला, पटलं सगळ्यांना.

सत्यवान एवढंच म्हणाला, "वयनी, वायच इचार करा." मी म्हटलं, विचार करूनच आले. यादी करायचं काम माझ्यावरच आलं. बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून कुणी काही काम सांगितलं नव्हतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

यादी झाली. नऊ घरांतली तीन ठेवली, सहा कमी केली. एकाचा मुलगा बोटीवर, एकीची सून नर्स, तिसऱ्यांचं रेडीला दुकान, चौथी मी — अशी सगळी. तिघांना आता दीडपट वाटा. वर लाल पेनाने "गरजू कुटुंबे", खाली नावं. पहिलं जानकीचं. अक्षर अजून काय सुरेख येतं माझं! दुपारी जाऊन मांगराच्या दारावर चिकटवली.

जानकीला आधी सांगितलं नाही. आपोआप कळेल, आणि खूश होईल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

यादीनंतरची पहिली रापण. बांगडाच लागला, बरा लागला. मी लांबून, सुरूच्या झाडाखालून बघत होते.

पूर्वी सगळे वाटे एका ओळीत असायचे. आज दीपेशने तीन वाटे बाजूला घातले, होडीच्या सावलीत. मोठे होते, पण बाजूला. दोन घरच्यांनी नेले. एक म्हातारी तर पदराखाली झाकून घेऊन गेली. बांगडे पदराखाली!

जानकी आली नाही. बरं नसेल तिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बरं नसेल कसलं! दीपेश सांगत आला, काल तो स्वतः वाटा घेऊन तिच्या दारी गेला होता, तिने आतूनच सांगितलं, जेचो आसा तेका दी.

मी तडक गेले. दार अर्धंच उघडलं. नेहमी "ये गो, बस" म्हणते, आज उंबऱ्यात आडवी उभी. "लिस्टीत माझा नाव घालूक तुका कोणी सांगल्यान?"

म्हटलं, अगं, तुझ्या भल्यासाठीच.

"माझो घोव तीस वर्सां ती दोरी ओढी. ता तेचा आसा. तू तेची भीक केलंस." आणि मग हळू आवाजात, "समोरच्या कावेरीचो धाकटो झील माका इचारता, काकी, तुमी गरजू? चार येत्या-जात्यांनी वाचल्यानी. माका नको तो वाटो. पेज आसा माझ्याकडे."

मी म्हटलं, माझ्यावर राग, तो अन्नावर कशाला काढतेस? तर म्हणाली, "तुझ्यार राग नाय. तुका कळणा नाय, एवढाच." आणि दार लावलं. मला! मला कळत नाही! अख्ख्या वाडीला बाराखडी शिकवली मी.

रागाने तणतणत घरी आले आणि मग रडले. का ते माहीत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

घावणे केले, काळ्या वाटाण्याची उसळ केली. डबा तिच्या पायरीवर ठेवून हाक मारली. ओ दिली नाही. ठेवून आले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

डबा परत आला. धुऊन, पुसून. रिकामा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दीपिकाचा पुण्याहून फोन. लेकीला सगळं सांगितलं. वाटलं, आईची बाजू घेईल. कसलं काय!

"आई, द्यायला कोण नको म्हणतंय? पाटी कशाला लावलीस?"

म्हटलं, पाटी नको तर मग कुणाला द्यायचं ते ठरवायचं कसं? माझ्यासारखीने पेन्शन खाऊन वर चौदा बांगडे खायचे, आणि तिनेही चौदाच?

"हो. सगळ्यांना सारखं द्यायचं. तुला जास्त होतात ना, मग तू तुझ्यातले सहा डब्यातून देत होतीस की. तिने घेतलेही. सोलं पाठवली. चाललं होतं ना तुमचं?"

मी म्हटलं, हे पुण्यात बसून बोलायला सोपं आहे. देश असा चालत नाही. पैसा असलेल्यांकडून घेऊन नसलेल्यांना द्यावाच लागतो. तर म्हणते, "घ्या ना. कर लावून घ्या, भरपूर घ्या. पण वाटायच्या वेळी माणसाला वेगळ्या रांगेत उभं करू नका." मग म्हणाली, "मला शाळेत गरीब मुलांच्या वह्या मिळायच्या, आठवतं? त्यावर शिक्का असायचा. मी त्या कधी दप्तरातून बाहेर काढल्या नाहीत."

मला आठवत नव्हतं. तेव्हा मी अर्ध्या पगारावर हंगामी शिक्षिका होते, आणि ह्यांची रापण. वह्या मीच आणून दिल्या असणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी जानकीच्या चुलीचा धूर दिसला. पेजेचाच वास. फोडणीचा वास येऊन आठवडा झाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

मांगरावर जाऊन यादी फाडली. डिंक पक्का बसला होता, नखं तुटली.

म्हटलं, झालं, पूर्वीसारखं सुरू. दीपेश समोरच जाळं विणत बसला होता. "बाई, लिस्ट फाडलास मा? मगे आता बसल्या जाग्यार कोणाकच वाटो नाय. जुनी रीत तुमीच बंद केलास, बैठकीत. आता लिस्ट पण नाय." तर्कात चूक नव्हती. तर्क करायला मीच शिकवलाय त्याला.

म्हणजे आधी नऊ घरं खात होती. मग तीन. आता एकही नाही. करायला गेले काय आणि झालं काय! ती पदराखाली बांगडे नेणारी म्हातारी, तिचेही गेले. इतकी वर्षं चाललेली गोष्ट मी पंधरा दिवसांत मोडून ठेवली. उंटावरून शेळ्या हाकायची हौस, दुसरं काय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सत्यवानकडे गेले. चुकले म्हणून सांगितलं. सोपं गेलं नाही. मी म्हटलं, तुम्ही शब्द टाका, दीपेश ऐकेल, नऊ घरांचं पहिल्यासारखं करा.

"माझ्या शब्दान नाय होवचा, वयनी. मोडलास तुमी, जोडूकय तुमकाच व्हया. रापणीत कायदो एकच. दोरयेक हात लावलो काय वाटो. कोणाचो हात, किती जोर, ता कोण बघणा नाय. पोरांका ह्योच कायदो दाखवक व्हयो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळे घरची माणसां इली, हात लावल्यानी, तर दीपेश काय करतलो? पण पयली तुमी येवक व्हयी. पेन्शनवाली इली तर बाकीची येतली."

म्हटलं, मला गरज नाही आणि मी वाटा मागायला येऊ? लोक काय म्हणतील?

"ताच," म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. वाटेत कळलं. मी मागितला तर तो गरजूंचा वाटा राहत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

उरलेल्या सात घरी जाऊन सांगून आले. नर्स सुनेच्या सासूने आधी तोंड वाकडं केलं, मग येते म्हणाली. जानकीच्या परसात उभी राहून मोठ्याने सांगितलं, "उद्या रापण आहे. मी दोरीला येतेय. माझा वाटा घ्यायला." आत भांडी वाजायची थांबली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

वाळूत उतरले. पदर खोचला, दोरी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "सत्यवान, आज माझा वाटा घाला!" मग जीव खाऊन ओढायला लागले. दहा पावलांत धाप लागली. तेवढ्यात मागून कुणीतरी दोरीला हात घातला. जानकी! मी वळून बघितलं नाही, रडूच आलं असतं.

"ओढू नको गो वयनी," हळूच म्हणाली. "नुसतो हात ठेव. आमचो घोव पुढे ओढी, आणि तुझे घोव, जयरामभावजी, मागसून नुसतो हात ठेवन चलत. अकरा वर्सां."

अकरा वर्षं! म्हणून बैठकीत सगळे खाली वाळूत बघत होते.

मासा कमी लागला, पण नऊ घरांचे धरून सगळे वाटे एकाच ओळीत घातले. मला सात बांगडे, जानकीला सात.