स्वयंपाकाच्या कपाटातला कायदा

३ जून, मंगळवार
पुन्हा तेच! बायकांच्या कायद्यांवरचं पुस्तक पुन्हा पाककृतींच्या कपाटात — लोणच्यांच्या शेजारी. पाठीवर चिठ्ठी आहे, तिच्यावर ठळक ३४०, म्हणजे वाचनालयाच्या विषयवार आकड्यांत कायदा. पाककृती ६४१. दोन्ही कपाटं खोलीच्या दोन टोकांना. चुकून एवढ्या लांब कोण जाईल?
शिफ्ट सुटली की कंपनीतली पोरं येतात, परीक्षांची पुस्तकं उपसतात, फट दिसेल तिथं खुपसतात. ते एकवेळ समजतं. हे नाही.

५ जून, गुरुवार
वाचनालयाचे अध्यक्ष रोहिदासभाऊ येऊन गेले. आकड्यांच्या भानगडीत कोण पडतंय, पुस्तकं उंचीप्रमाणे लावा, असं त्यांचं म्हणणं. मी सांगून पाहिलं — एका विषयाची पुस्तकं शेजारी असली की माणूस एक शोधायला येतो आणि दुसरंही घेऊन जातो. तर म्हणाले, "मॅडम, चिखलीत लोक पेपर वाचायला येतात."
डोकं उठलं.
कायदा परत लोणच्यांत.

९ जून, सोमवार
पाटी लावली — 'जागा माहीत नसेल तर पुस्तक टेबलावर ठेवा.' कुणी वाचत नाही. आणि म्हणे वाचनालय.

१२ जून, गुरुवार
सापडली. विजयश्री, गावठाणातली सून. घरचे तिला एकटीला सोडत नाहीत, सासू शालनबाई सोबत येतात. त्यांना वाचता येत नाही; दारापाशी बाकावर बसून सुनेवर नजर ठेवतात. पाककृतींच्या कपाटावर मी ताटाचं चित्र चिकटवलंय, ते बाकावरून दिसतं. सून तिथं उभी, म्हणजे स्वयंपाकाचं वाचतेय, असं त्यांना वाटतं.
हे सगळं आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा फक्त तिच्या हातातलं पुस्तक दिसलं आणि मी टेबलावरूनच ओरडले, "अहो, ते नवऱ्याच्या मारहाणीच्या कायद्याचं आहे, स्वयंपाकात का कोंबताय?"
ती दचकून वळली. पदर सरकला. दंड काळानिळा.
शालनबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. दोघी निघून गेल्या.

१३ जून, शुक्रवार
जेवण गेलं नाही. तिनं शोधून काढलेली एवढीशी आडोशाची जागा, आणि मी आकडा बघत बसले.

१७ जून, मंगळवार
आली नाही. घरी जाऊन चौकशी करावी, तर तिलाच आणखी त्रास. रोहिदासभाऊंचा फोन — उंचीचं काय झालं? मी फोन ठेवून दिला.

१९ जून, गुरुवार
शालनबाई आल्या, एकट्याच. मी माफी मागायला लागले, त्यांनी हातानं थांबवलं. विजयश्रीला त्यांनी स्वतः माहेरी सोडलंय. मुलाला अजून सांगितलेलं नाही.
मग खुर्ची ओढून बसल्या. "पोरगा माझाच हाय. पर त्याच्या बापानं मलाबी असंच मारलं, तवा कुनी इचारलं न्हाई. त्या पुस्तकात काय लिवलंय, वाचून दाखव."