बिनमापाचा कोट

२ फेब्रुवारी
ठरलं. वसंतात नदीच्या गावी जायचं. शहर बेताचं आहे, फार मोठं नाही, फार लहान नाही. मधून नदी, नदीवर तीन पूल, दोन्ही काठांना झाडं. एप्रिलच्या सुरुवातीला ती फुलतात म्हणे. मी शुद्ध टूरिस्ट म्हणून जाणार आहे. आमची ही सध्या तिथे धाकट्या बहिणीकडे राहते, हा निव्वळ योगायोग.

योगायोगाने भेट झालीच तर तिला घेऊन परत यायचं. पण तो मुख्य कार्यक्रम नाही.

३ फेब्रुवारी
नोंद असावी म्हणून लिहितो. ही रुसून गेलेली नाही. ऑक्टोबरात आठ दिवस हवापालटाला म्हणून गेली. आठाचे किती झाले ते मोजत बसणाऱ्यांतला मी नाही. जाताना घरातलं शिलाई मशीन नेलं, कारण तिला रिकामं बसवत नाही. हिवाळ्याचे कपडे नेले, कारण तिकडे थंडी. उन्हाळ्याचेही नेले, कारण ती मुळातच दूरदृष्टीची बाई.

८ फेब्रुवारी
मेहुणीला फोन केला. तिची तिकडे लाँड्री आहे, त्यामुळे हवेची माहिती तिला असणारच. सहज विचारलं, वसंतात हवा कशी असते. म्हणाली, भावोजी, तुम्ही येऊ नका. पण ज्या आवाजात म्हणाली त्यात आपुलकी होती. घर लहान, माझी गैरसोय होईल ही तिची काळजी. मी हॉटेलात उतरेन असं सांगितलं. त्यावर फोन कट झाला. लाइन खराब असावी.

११ फेब्रुवारी
रिकाम्या हाताने कसं जायचं? हिच्यासाठी कोट शिवायला घेतला. नदीवर वारा असतो. राखाडी निळं कापड, आतून अस्तर, मोठी बटणं.

उभं आयुष्य बायकांचे कपडे शिवण्यात गेलं, पण हिला मी कधी टेप लावलेली नाही. लग्नानंतरचा पहिला ब्लाउज नजरेने बेतला, तेव्हापासून सगळे नजरेनेच. गिऱ्हाइकांना हे अभिमानाने सांगतो. बायकोचं माप घ्यावं लागतं तो कसला शिंपी, आणि कसला नवरा.

दुकानात काज-बटण करणाऱ्या मावशींना कोट दाखवला. कापड चांगलं आहे म्हणाल्या. ही कधी येणार ते त्यांनी विचारलं नाही, तरी मीच सांगितलं, आठ दिवसांत.

१९ फेब्रुवारी
संकल्प: रोज सकाळी चालणे. नदीकाठाने फिरताना धाप लागली तर काय शोभा राहील?

२० फेब्रुवारी
कोपऱ्यापर्यंत चाललो. उत्तम.

२१ फेब्रुवारी
गुडघ्याला विश्रांती.

४ मार्च
विश्रांती चालू.

९ मार्च
शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली. कोट मागे पडला. मावशी म्हणाल्या, घरच्या माणसाचं तुमच्याकडे नेहमी मागेच पडतं. मावशींना बोलायची खोड आहे. कामाला हात चांगला म्हणून ऐकून घ्यायचं.

१७ मार्च
नदीकाठच्या हॉटेलांना फोन केले. फुलांच्या आठवड्यात एकही खोली नाही. लोक जानेवारीतच बुकिंग करतात म्हणे. असल्या लोकांची कीव येते. फुलं काय, कुठेही दिसतात. गर्दी ओसरल्यावर जातो तो खरा टूरिस्ट. एप्रिलअखेरची खोली घेतली.

२६ मार्च
भेटीचा प्लॅन पक्का. मी मधल्या पुलावर उभा. नजर नदीकडे. ही बाजारातून येते, मला पाहून थबकते. म्हणते, अहो, तुम्ही? मी सावकाश वळतो आणि म्हणतो, अरेच्चा.

ट्रायल रूमच्या आरशापुढे 'अरेच्चा' करून पाहिलं. पहिल्या तीन वेळा जरा घाबरल्यासारखं झालं, चौथ्यांदा जमलं. पडदा सरकवून बाहेर आलो तर मावशी काज करत होत्या. मान वर केली नाही.

२९ मार्च
ही कोणत्या पुलावरून जाते ते माहीत नाही, म्हणून मेहुणीला फोन केला. म्हणाली, भावोजी, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? न्यायलाच येताय ना? मग ऐका, ती येणार नाही. लाँड्रीच्या एका कोपऱ्यात तिने कपडे दुरुस्तीचं काम सुरू केलंय, लोक नंबर लावून बसतात, तिला मान वर करायला उसंत नाही.

म्हणजे प्रश्न फक्त उसंतीचा आहे. फोन ठेवल्यावर फार हलकं वाटलं. हौस आहे, महिन्याभरात उतरेल.

१४ एप्रिल
कोट झाला. असा हात चालला नव्हता कित्येक वर्षांत. पाठ काय बसली आहे! मावशींनीसुद्धा बटणं दोनदा पक्की केली. हँगरला लावून समोर बसून राहिलो. संध्याकाळपर्यंत दुसरं काही केलं नाही.

हॉटेलवाला म्हणाला, फुलं गळून गेली, आता या, खोल्याच खोल्या आहेत.

२८ एप्रिल, दुपार. नदीचं गाव.
सकाळपासून मधल्या पुलावर उभा. ही आली नाही. मग पुढच्या पुलावर गेलो. नदीकडे इतका वेळ बघत राहिलो की एक पोलीस जवळ आला आणि हळू आवाजात विचारू लागला, घरी कोण कोण असतं, काही खाल्लंय का. म्हटलं, मी टूरिस्ट आहे. तो बरं म्हणाला आणि माझा दंड धरून पूल संपेपर्यंत सोबत चालत आला. इथली माणसं प्रेमळ आहेत.

२८ एप्रिल, संध्याकाळ
शेवटी लाँड्रीतच गेलो. अरेच्चा म्हणायचं राहून गेलं.

ही मशीनवर होती. बाकावर गिऱ्हाइकं. मला पाहून टीप पुरी केली, दोरा तोडला, मग म्हणाली, बसा. ती रागावलेली असेल असं धरून मी उत्तरं पाठ केली होती. ती रागावलेली नव्हतीच. पाणी दिलं. गुडघा कसा आहे विचारलं.

कोट दिला. तिने घातला, रंग फार छान आहे म्हणाली. मग हात वर करून पाहिला. खांद्याच्या वर जाईना. काखेशी, मुंढ्यात घट्ट. तिने तक्रार केली नाही. कोट काढून उलटा केला, काखेतली शिवण बोटांनी चाचपली आणि उसवायला ब्लेड घेतलं. काय करतेस, मी विचारलं. म्हणाली, नेहमीचंच. मी शिवलेला एकूण एक कपडा ती घरी उसवून, बोटभर सैल करून, मग घालत आली होती. मी दुकानात असताना. लोक इथे नंबर लावतात ते ह्याच कामासाठी.

मला कधी सांगितलं का नाहीस, म्हटलं. म्हणाली, पहिल्याच ब्लाउजच्या वेळी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, कपड्यात चूक नाही, तू खांदे सरळ ठेवून उभी राहत जा.

मला आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे. परवाच एका गिऱ्हाइकाला म्हणालो होतो.

मी टेबलावरची टेप उचलली. माप घेतो म्हटलं, आत्ता घेतो, नवा शिवतो, तू घरी चल. तिने टेप माझ्या हातातून सोडवून घेतली आणि स्वतःच्या गळ्यात घातली. म्हणाली, आता नको. मी इथे बरी आहे. येऊन भेटलात, बरं केलंत. तेवढ्यात बाकावरची एक बाई उठून पुढे आली, तशी ती तिच्याकडे वळली.

मेहुणीने मला मागे इस्त्रीच्या खोलीत नेऊन बसवलं. मी रडलो. तिथे वाफ फार होती, पण रडलो ते वाफेने नाही.

३० एप्रिल
दुकान उघडलं. मावशींनी विचारलं, नदी कशी आहे. म्हटलं, रुंद आहे.

मग ही येणार नाही असं सांगितलं. आठ दिवसांनी नाही आणि उन्हाळा संपल्यावरही नाही. तोंडाने पहिल्यांदाच म्हणालो. मावशी नुसत्या हो म्हणाल्या. ऑक्टोबरात निघायच्या आधी ही त्यांचा निरोप घेऊन गेली होती, रडली होती, परत यायची नाही हेही सांगून गेली होती. गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. समोरच्या चप्पलवाल्यालासुद्धा ठाऊक होतं. मला वाईट वाटू नये म्हणून सगळ्यांनी विचारणं सोडलं होतं.

मग इतके महिने आठ दिवस, आठ दिवस असं मी सांगत होतो ते कोणाला?

मला ती घरी हवी आहे. आज दुकान लवकर बंद करून घरी येऊन बसलोय. अंधार झालाय, दिवा लावायला हवा.