पहिला चहा मालाचा

विश्रांतवाडी,
रविवार, दुपार

प्रिय उजैर,

दोर आवळताना होणारी करकर आज सकाळपासून कानात आहे. आमच्या वेळी ताडपत्रीवरून जाड दोर टाकायचा, पलीकडून क्लीनरनं तो हुकात अडकवायचा, आणि मी चाकाला पाय लावून मागं रेलायचो. दोर आधी कुरकुरायचा, मग करकरायचा आणि एका क्षणी गप्प व्हायचा. गप्प झाला की माल बसला. तुझ्या साखळ्या सैल असल्या तरी खणखणतात आणि घट्ट होतानाही खणखणतात. मला त्यांची भाषा कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते तू म्हणायला नको.

एकाच घरात राहून पत्र कशाला, असं तुला वाटेल. मी कागद मागितला तेव्हा सबा म्हणाली, "अब्बा, पलीकडच्या खोलीत तर राहतात ते. तिकीट लावू की हातोहात देऊ?" तुझी बायको अस्सल पुण्याची आहे, बाबा. पण आपण बोलायला बसलो की तिसऱ्या वाक्याला तुझा आवाज चढतो आणि त्याच्यावर माझा. कागदाला मध्येच तोडता येत नाही. शिवाय लिहायचं म्हटलं की मला मराठीच सुचते, आणि मराठीत मी जरा शहाणा असतो. ते देणं बेहरे बाईंचं. येरवड्याच्या आमच्या शाळेत त्या टेबलावर बोटांनी ठेका धरून कविता म्हणून घ्यायच्या. लघु, गुरू, गण, सगळं. ओळीत एक जागा असते, तिला यती म्हणतात. तिथं श्वास घ्यायचा. मी घाईनं पुढं पळायचो आणि शब्द मधोमध तुटायचा. बाई म्हणायच्या, "रहीम, तुला थांबता येत नाही. तुझ्या हातून कविता व्हायची नाही, तू आपला ट्रक चालव." वर्ग हसायचा, मीही हसायचो. पुढं झालं तसंच. पण थांबायला मला ट्रकनंच शिकवलं, हे बाईंना सांगायचं राहून गेलं.

आमच्यात एक रीत होती, पहिला चहा मालाचा. गाडी भरून निघालं, नगर रोडला वाघोली मागं पडली, की कुठंतरी थांबायचंच. तहान असो नसो. चहा सांगायचा आणि तो यायच्या आत गाडीला पुरती फेरी मारायची, प्रत्येक दोरावर हात ठेवत. पहिल्या धक्क्यांनी माल दबतो, आणि मघाशी गप्प झालेला दोर ढिला पडतो. तो पुन्हा आवळायचा. चहा गार झाला तर गार प्यायचा. कुणी नुसताच चहा पिऊन गाडीत चढला, तर हॉटेलातले बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, "मालानं घेतला का रे?" थट्टाच ती, पण त्यावर कुणी हसायचं नाही.

तुला ही रीत कुणी शिकवली नाही, कारण तुला तिची गरज नव्हती. इतकी वर्षं तू बंद कंटेनर चालवलेस. आत काय आहे ते कंपनीला माहीत. दाराला सील लागलं, तू त्याचा नंबर ताडून पाहिलास, निघालास. तुझ्यासारखं सफाईनं चालवणारा मी पाहिलेला नाही, हेही आजच लिहून ठेवतो, तोंडावर माझ्याच्यानं म्हणवत नाही. खराडीच्या त्या गर्दीतून तू एवढं धूड काढायचास, ते बघताना मला लयीत म्हटलेली कविता आठवायची. मग रमजाननंतर तू म्हणालास की आता उघडा ट्रेलर चालवायला घेतोय. "अब्बा, जन्मभर काय वाहिलं तेच दिसलं नाही. आता पाठीवरचं ओझं दिसेल तरी." मला ते वाक्य फार आवडलं. दोन दिवस मी ते मनात घोळवत होतो. म्हाताऱ्या माणसाला असल्या वाक्यांचा मोह पडतो आणि विचारायचं ते राहून जातं.

शुक्रवारी तू डबा विसरलास, म्हणून मी बसनं वाघोलीच्या पुढच्या तुझ्या यार्डात आलो. तू मला पाहिलं नाहीस. ट्रेलरवर लोखंडी पाइप चढवून झाले होते, यार्डातल्या माणसांनी साखळ्या टाकल्या होत्या. तू कागद घेतलास, चालत गाडीच्या मागं गेलास आणि हात वर केलास. वर, छातीच्या उंचीवर, जिथं कंटेनरच्या दाराला सील असतं तिथं. तिथं दारच नव्हतं, उजैर. तुझा हात क्षणभर हवेत राहिला. मग तू स्वतःशीच हसलास, पाइपांवर थाप मारलीस आणि केबिनकडं वळलास. एकाही साखळीला तुझं बोट लागलं नाही. शेजारचा ड्रायव्हर म्हणालाही, "भाई, एकदा बघून घे." तू म्हणालास, "बांधलंय की त्यांनी."

तू ऑफिसात सही करायला गेलास तेव्हा मी गाडीजवळ गेलो. केबिनच्या पाठीमागं जो जाड पत्रा उभा असतो, माल पुढं सरकला तर अडवायला, त्याचा रंग कोराकरकरीत होता. बाकी सगळा ट्रेलर गंजलेला. मी रंगावरून हात फिरवला. मधोमध परातीएवढा खळगा होता, ठोकून सरळ करायचा प्रयत्न केलेला. तुझ्या शेठना मी विचारलं, आधी कोण होतं या गाडीवर? ते मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "गावाला गेला तो. आता येत नाही. चाचा, उन्हात कशाला थांबता?" डबा तिथंच ठेवून मी परत आलो.

काल रात्री जेवताना तू सहज म्हणालास की सोमवारी पहिल्यांदा कॉइल भरायची आहे, पहाटे निघायचं, बोरघाट उतरून खोपोलीला. सबानं विचारलं, कॉइल म्हणजे काय? पोलादी पत्र्याची कित्येक टनांची गुंडाळी, असं म्हणत तू तिला हातातली चपाती गुंडाळून दाखवलीस, आणि ती हसली. मी उठून हात धुवायला गेलो. पाइप सुटले तर बाजूला सांडतात. कॉइल गोल असते, बेटा. तिला फक्त खाली पाचरीसारख्या ठोकलेल्या लाकडी उट्या आणि वरच्या साखळ्या धरून ठेवतात. घाटाच्या उतारावर तू ब्रेक दाबशील, गाडी थांबेल. कॉइल थांबणार नाही. आणि तिच्या वाटेत पहिला माणूस तूच आहेस.

म्हणून हे लिहितोय. जाऊ नकोस म्हटलं तर तू मुद्दाम जाशील, तेवढा माझ्यावर गेला आहेस. पण भरताना स्वतः खाली उतर. उट्या पक्क्या आहेत का बघ, साखळ्या स्वतः ओढ, आणि मन मानेना तर शेठना सांग, ही गाडी मी हलवत नाही. एवढं करून निघालास, तरी घाट लागायच्या कितीतरी आधी थांब आणि मालाला त्याचा चहा पाज. तू आज संध्याकाळी लवकर येणार आहेस. हा कागद तुझ्या हातात देऊन मी मशिदीकडं जाईन, म्हणजे तुला एकट्याला वाचता येईल आणि चिडायचं असेल तर चिडताही येईल.

तुझाच आणि तुझ्याच काळजीतला,
अब्बा

ता. क. पाकिटात घालणार तोच बेल वाजली. मला वाटलं, तूच आलास. सबानं दार उघडलं. एक बाई उभी आहे, तुझ्याच वयाची, परभणीकडची बोली, कपाळ मोकळं. म्हणते, "उजैरभाऊंचं घर हेच का? त्यांच्या गाडीवर आधी आमचे मालक होते. केबिनमधी त्यांची गोधडी राहिलीय, तेवढी न्यायला आले." सबानं तिला आत घेतलं. तू येईपर्यंत थांबते म्हणते.