दाढीवाल्या राजाचे नाणे

लिहून ठेवतो मी, उत्तमराव शालिकराम गणोरकर, वय वर्षे ७४, इतिहासाचा सेवानिवृत्त शिक्षक, राहणार अमरावती, की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही, आणि आठ वर्षांपूर्वी बायपास झालेले हृदय सोडले तर शरीरही चालण्यासारखे आहे. आता डॉक्टरांनी झडपेचे दुखणे सांगितल्याने हे कागदावर आणतो. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी सौ. शकुन हिच्या. तिच्यामागे घर मुलगा शेखर व मुलगी वर्षाली यांनी सारखे वाटून घ्यावे. अंजनगाव सुर्जीचा फुलांचा मळा तिच्या माहेरचा, तिच्याच नावावर आहे. तिथल्या झेंडूवर दोन्ही मुले शिकली. मी फक्त शाळेत फी भरायला जात असे.

२. आता मुख्य. लोखंडी कपाटात कुंकवाच्या करंड्यात रोमन बादशहा ज्युलियनचे चांदीचे नाणे आहे. नागपूरच्या प्रदर्शनात घेतले, पावती सोबत आहे. एका बाजूला दाढीवाला राजा. दुसरीकडे पानांच्या हारात ‘व्होट’, दहाचा आकडा, ‘मुल्ट’, विसाचा आकडा. म्हणजे दहा वर्षांचा नवस, पुढे विसाचा. राज्य टिकावे म्हणून तिकडचे राजे देवाला असे बोलत आणि नाण्यावर छापत.

१९९९ साली अकोल्याच्या आमच्या नाणेमंडळाच्या अंकात मी लिहिले, की दहाचा आकडा आहे त्या अर्थी दहा वर्षे भरली. ज्युलियन ३५५ साली युवराज झाला, सबब नाणे ३६५ चे. बैठकीत भगवंतराव ठोसर उठले. “सर, मेल्यावर दोन वर्सांनं नाणं पाडलं काय यानं?” राजा ३६३ मध्येच लढाईत मेला होता. सभा पोट धरून हसली. पंचवीस वर्षे मुलांना सनावळ्या पाठ करायला लावणाऱ्याची ही गत.

घरी आलो तेव्हा दसरा तोंडावर होता, शकुन हार ओवत बसली होती. काय झाले ते मी चिडून सांगितले. तिने सुई थांबवली नाही. म्हणाली, “दहा वर्सं झाले असं कुठं लिवलं हाये? नवस बोलला असन तो. बोलतानी मानूस साऱ्या गावाले आयकवते, फेडतानी कोनाले सांगते?”

महिनाभर पुस्तके चाळली. तिचेच बरोबर निघाले. हे राजे मुदत भरण्याआधीच पुढचा नवस छापून मोकळे होत. आकडा आशेचा होता, मी तो हिशेबाचा समजलो. मग दुसरा लेख लिहिला, शाल-श्रीफळ घेतले. लेखात शब्द होते, “माझ्या लक्षात आले.” शकुनने तो वाचला आणि एवढेच म्हणाली, “तुमच्या लक्षात आलं म्हने.” त्यानंतर सव्वीस वर्षे तिने विषय काढला नाही. मला मात्र अजून लाज वाटते.

म्हणून नाणे मी तिला देत नाही, ते तिचेच आहे असे मान्य करतो. शेखरने ते मोबाईलवर विकायला काढू नये. माझ्या पश्चात मंडळाच्या अंकात पुढील दुरुस्ती छापावी: “ज्युलियनच्या नाण्यावरील दहाचा आकडा म्हणजे बोललेला नवस, भरलेली वर्षे नव्हेत, हे वाचन सौ. शकुन उत्तमराव गणोरकर यांचे आहे.”

३. माझे भिंग भगवंतरावांना. दुसऱ्याच्या चुका त्यांना भिंगाशिवायही दिसतात. हे त्यांनी स्वतःच्या लेखांवर धरावे.

४. बायपासच्या वेळी शकुनने बहिरमबुवाला नवस बोलला होता, की दहा वर्षे काढू दे, रोडग्यांचे जेवण घालीन. आठ झाली. उरलेली दोन माझ्याकडून झाली नाहीत तरी रोडगे करावेत, देवाशी वाद घालू नये.

५. हा मसुदा काल शकुनला वाचून दाखवला. दुरुस्तीचा मजकूर तिने दोनदा वाचायला लावला. चौथे कलम ऐकून म्हणाली, “दहाचं काय घेऊन बसले तुमी? मी विसाचं बी बोलून ठेवलं हाये.”

तेवढी वर्षे तिला वाट पाहायला लावणे बरे नव्हे. तेव्हा दुसऱ्या कलमातील दुरुस्ती माझ्या मरणावर न ठेवता आज सकाळीच स्पीड पोस्टाने अकोल्याला पाठवली आहे. पोस्टाची पावती करंड्यात, नाण्याखाली ठेवली आहे.

सही: उत्तमराव शालिकराम गणोरकर

आम्हा दोघांदेखत त्यांनी वाचून सही केली:
१. नागसेन तायडे, निवृत्त पोस्टमास्तर
२. डॉ. देवानंद काळमेघ

अमरावती, १६ फेब्रुवारी २०२६