कासवाचा एसी

१२ मे, सकाळी
कमलाक्षी फोंड्याला गेली. आमच्या सुविधाचं बाळ लहान आहे, लेकीला मदत. महिन्याभरात येईलच. जाताना स्वतःची उशीही नेली. फोंड्यात उशा मिळत नसाव्यात.
आता शांतपणे गुंतवणुकीकडे लक्ष देता येईल. पोरांच्या जपानी खेळातलं चमकत्या कासवाचं कार्ड म्हापशाच्या कार्डवाल्या साईशकडून घेतलं तेव्हा डिचोलीतले लोक हसले. हसू देत. अमेरिकेत अशा एका कार्डात फ्लॅट येतो. मात्र कार्डांना दमट हवा चालत नाही, म्हणून बेडरूमचा एसी त्यांना. मला वरच्या खोलीत झोप लागते. कमलाक्षी बाहेरच्या बंदिस्त वसरीत झोपायची. उकडतं, उकडतं म्हणून रोज कुरकुर. व्यापारात थोडा त्याग लागतो.
संकल्प: गणेशचवथीपूर्वी कासव विकायचं. वसरीला नवा एसी लावायचा. तिला आधी सांगायचं नाही.

३ जून
पाववाला पोदेर आला. सवयीने चार उंडे घेतले. दोन उरले. संध्याकाळी तेच चहात बुडवून खाल्ले.
शेजारचा महादेव ताडपत्री काढून आपला ट्रक पुसत होता. बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होणार म्हणे. इतकी वर्षं हेच चाललंय. खाणीच्या ऑफिसात मी होतो, मला विचारा. काही माणसांना वाट बघण्याचं व्यसनच असतं.
कासवाचा भाव: बघितला नाही. रोज बघणारा गुंतवणूकदार नव्हे.

४ जून
बघितला. उतरलाय. उतरतो तेव्हाच धरून ठेवायचं असतं.

११ जून
महिना झाला. फोन केला. बाळाला न्हाऊ घालत होती. मागून करते म्हणाली.

१३ जुलै
सारखी वीज जाते. एसी बंद, कासव कमानीसारखं वाकलं. पुस्तकाखाली ठेवलं, दुसऱ्या बाजूने वाकलं.

१५ जुलै, दुपारी
सुचलं! घरातलं रेशनकार्ड, आधार, सुविधाचं दहावीचं सर्टिफिकेट, सगळं बसस्टँडवरच्या कृष्णनाथकडे लॅमिनेट केलेलं. एकालाही बुरशी नाही. कासव घेऊन गेलो. जाड प्लॅस्टिक घालायला सांगितलं. कृष्णनाथ म्हणाला, आतां शंभर वर्सां कांय जावचें ना. बाकीची कार्डंही करून घेतली.
एवढी साधी गोष्ट जपान्यांना सुचली नाही.
हे कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. महादेवला सांगितलं. तो ट्रक पुसत होता.

२९ ऑगस्ट
कमलाक्षी चवथीला आली. म्हणजे तक्रार मिटली. गणपतीवर फळांची माटोळी मी बांधली, नेवऱ्या तिनं तळल्या. दीड दिवस घरात भांड्यांचा आवाज होता. बरं वाटलं, फार बरं वाटलं.
झोपताना बेडरूमच्या बंद दाराकडे बघून म्हणाली, एसी अजून कार्डांकच? दिवाळीपर्यंत थांब म्हटलं. (लॅमिनेट केल्यावर एसी लागत नाही, हे खरं. पण एवढ्या मोठ्या मालाबाबत धोका कोण घेणार?) ती वसरीत झोपली. गणपती पोचवून आल्यावर नेवऱ्यांचा डबा फ्रीजवर ठेवून सहाच्या बसने गेली.

१८ सप्टेंबर
म्हापसा. साईशने कासव हातात घेतलं आणि उलटंसुलटं केलं. काका, हें कितें केलां तुमी? म्हणाला. प्लॅस्टिक काढता येईल ना, विचारलं. येता, पूण चित्रय प्लॅस्टिकाबरोबर सुटून येतलें. मग चहा मागवला. पोरगा सभ्य आहे, पण म्हापशाचं मार्केट अजून कच्चं. माल धरून ठेवणे.
परत येताना एसीचं दुकान लागलं. बसच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.

११ ऑक्टोबर
फोंड्याला गेलो. न सांगता, म्हणजे आनंद होईल. नातीला, गौरवीला, कासव दिलं. तिनं ते थेट तोंडात घातलं आणि तासभर चघळलं. पुसलं की स्वच्छ! सगळे खूश. कमलाक्षी म्हणाली, बरें खेळणें हाडलां. माझ्या गुंतवणुकीबद्दल तिचा पहिला चांगला शब्द.
सुविधाने तिला एसीची खोली दिली आहे. मला हॉलमध्ये अंथरूण. कमलाक्षीने आपली उशी आणून दिली. उशीला तिच्या तेलाचा तोच वास आहे.

१२ ऑक्टोबर
निघताना म्हटलं, उशी घेऊन जातो, तू येशील तेव्हा लागेलच. तिनं उशी माझ्या हातातून काढून घेतली. हळूच. म्हणाली, ती हांगाच आसूं दियात.
बाळ लहान आहे. साहजिक आहे.

१३ ऑक्टोबर, दुपारी
बेडरूममध्ये गेलो. एसी चालूच राहिला होता, बाकीची कार्डं गार पडलेली. बंद केला.
वसरीत तिच्या जागेवर थोडा आडवा झालो. पंखा फिरतो, वारा येत नाही. बनियन भिजलं. पोदेराचा भोंपू वाजला. उठलो नाही.
इथं इतकं उकडतं, हे तिनं मला नीट सांगायला हवं होतं.