शिट्टी बंद करण्याचं काम

९ जानेवारी, शुक्रवार
आजपासून रोजनिशी. ताईचा आग्रह. मनातलं लिहून काढ म्हणाली, मोकळं वाटेल. मला मोकळंच वाटतं आहे. थोडी सर्दी आहे, एवढंच. तरी वही आणलीच आहे, तर कामाची नोंद ठेवीन.

काम असं. मुलीचा फोन आला. चोवीस तारखेला येते आणि आईची गाडी घेऊन जाते, चालेल ना बाबा, असं विचारलं. मी म्हणालो, न चालायला काय झालं. ऑक्टोबरात ही दवाखान्यात गेली आणि परत आली नाही, तेव्हापासून गाडी खाली कव्हरखाली उभी आहे. मलाही येते, पण चालवायची हीच. मी शेजारी बसायचो.

संध्याकाळी गॅलरीतल्या फळीवर एक खोकं सापडलं. त्यावर गाडीचं चित्र आणि चित्रातल्या गाडीतून ज्वाळा. मग आठवलं. टर्बोला, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याला, हवा नेणारा पाइप. कंपनीने दिलेला काढून त्या जागी बसवायला हिने मागवला होता. मे महिन्यात म्हणाली होती, पाइप आलाय, रविवारी बसवते. राहून गेलं असणार. खोकं चारी बाजूंनी टेप लावून बंद आहे.

निर्णय: मुलगी यायच्या आत पाइप मी बसवणार. हिला अर्धवट काम खपत नसे. मुलीला सांगायचं नाही. एकदम दाखवायचं.

माझी पात्रता: नोकरीची सगळी वर्षं पाणीपुरवठा खात्यात. पाइप म्हणजे पाइप. आतून पाणी जातं की हवा, हा तपशील झाला.

१० जानेवारी, शनिवार
खोकं उघडलं. आत काळा, वळ्यावळ्यांचा प्लास्टिकचा पाइप आणि तो आवळायचे दोन स्प्रिंगचे क्लॅम्प. वळ्यांमुळे हवा फिरत फिरत जात असणार. त्यात शास्त्र दिसतं. पाइप स्वच्छ, साबणाचा वास येणारा. कंपनी पॅकिंगच्या आधी धुऊन घेते हे आवडलं. क्लॅम्पना मात्र गंज आहे. नव्या वस्तूला गंज! कडक शब्दांत तक्रार करणार.

हिची हत्यारं शिवणाच्या डब्यात मिळाली. पाने, पक्कड, आकाराप्रमाणे लावून ठेवलेले सॉकेट. त्यातच लाल नेलपॉलिशची बाटली, अर्धी संपलेली. ही नेलपॉलिश लावत नसे. रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, तिथे चालत नाही म्हणायची. चुकून पडली असेल. बाटली परत होती तिथेच ठेवली.

सर्दी आहेच.

११ जानेवारी, रविवार
गाडी सुरू केली. म्हणजे खालच्या मजल्यावरच्या फौजदारांनी केली. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून कोणाशीही बोलताना जबानी घेतात. बॅटरी केव्हापासून बंद? शेवटी कोणी चालवली? सोबत कोण होतं? मी सगळी उत्तरं दिली. मग त्यांनी त्यांच्या गाडीवरून वायरी जोडल्या.

दोघांनी पुलापर्यंत चक्कर मारली. शिट्टी आहे अजून.

शिट्टीबद्दल लिहायला हवं. गेल्या उन्हाळ्यापासून ही गाडी वेग घेताना शिट्टी घालते. आधी बारीक शिट्टी, मग पाय सोडला की फुस्स. मी दर वेळी म्हणायचो, काच लाव, वारा शिरतोय. ही म्हणायची, काच बंद आहे. मी म्हणायचो, नीट लाव. ही हसायची. एकदा म्हणाली, गाडीत काय नवीन आहे ओळखा बघू. मी म्हणालो, सीट कव्हर. इतकी हसली की गाडी बाजूला घ्यावी लागली. तेव्हा माझं उत्तर बरोबर आलं असावं.

आज काचा पक्क्या बंद होत्या. मी हाताने चाचपून पाहिल्या. तेव्हा काचेचा दोष नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. पाइप शिट्टी घालतो, याचा अर्थ गळती. आमच्या खात्यात शिपायालाही हे कळतं. जुना पाइप गळतोय. हिला ते आधीच कळलं असणार, म्हणून तर नवीन मागवला. बोलली नाही, कारण मी काळजी करतो.

फौजदारांना सांगितलं. ते म्हणाले, गुन्हा उघडकीस आला म्हणायचा, साहेब.

१३ जानेवारी, मंगळवार
मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. चाळीस मिनिटांचं काम आहे म्हणतात. मी दोन तास धरले, घाई नको म्हणून.

बॉनेट उघडलं. जुना पाइप निळ्या रंगाचा आहे. जाड, गुळगुळीत, रबरासारखा मऊ. कंपनीने इतका भडक रंग का दिला कळत नाही. एअर फिल्टरचा डबा काढायला गेलो. चार स्क्रू. तीन निघाले. तिसरा निघाला आणि इंजिनात पडला. फौजदार टॉर्च धरायला आले होते, पण ते बोलतात तिकडे टॉर्च जातो. स्क्रू मिळाला नाही. ते म्हणाले, गाडीतच आहे, गाडीबाहेर गेलेला नाही, म्हणजे फरार म्हणता येणार नाही.

थांबलो. उजेड गेला होता.

१५ जानेवारी, गुरुवार
आज फक्त पाहणी.

ड्रायव्हरच्या सीटवर बसून विचार केला. सीट हिच्या मापाने पुढे ओढलेली आहे. माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. मागे घेतली नाही. मुलगीही हिच्याच उंचीची आहे, तिला उगाच परत लावत बसावं लागेल. तसाच बसलो. आरसाही हिच्या उंचीचा. त्यात मला माझी हनुवटी दिसते.

ताईचा फोन. जेवलास का? हो म्हणालो. काय जेवलास? यावर मी तिला पाइपबद्दल सांगितलं. ती म्हणाली, अरे, गॅरेजवाल्याला दे की, कशाला जिवाला त्रास? मी म्हणालो, अगं, त्रास कसला, साधं काम आहे.  ती म्हणाली, स्वेटर घालून बस खाली. ती मला अजून सहावीतला समजते.

संकल्प: शनिवारी काम संपवायचं. नियमित जेवायचं.

१७ जानेवारी, शनिवार
पाइप निघाला. पद्धत थोडी बदलावी लागली.

चौथा स्क्रू निघाला, फिल्टरचा डबा बाजूला झाला. वरचा क्लॅम्प सहज सुटला. त्याच्या स्क्रूवर आणि पट्टीवर मिळून एक बारीक लाल रेघ आहे. कंपनीची तपासणीची खूण असावी. खालचा क्लॅम्प टर्बोच्या तोंडाशी, इंजिनाच्या मागे. तिथे माझा हात जातो, पण हात आणि पाना दोन्ही एकदम जात नाहीत. हिचा हात कसा जाणार होता कोण जाणे. लहान होता, खरं आहे.

एक तास प्रयत्न केला. मनगट सोललं. फौजदार म्हणाले, साहेब, आरोपी सहकार्य करत नसेल तर बळाचा वापर करावा. मलाही पटलं. नाहीतरी जुना पाइप टाकूनच द्यायचा. घरातून पुठ्ठे कापायची सुरी आणली आणि पाइप उभा चिरला. सहज चिरला गेला. मग क्लॅम्प आपोआप ढिला झाला. त्यावरही लाल रेघ.

आतून पाइप अगदी नवा दिसतो. गळतीची जागा शोधली, सापडली नाही. बारीक गळती सापडत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

टर्बोच्या तोंडात काही पडू नये म्हणून हातरुमाल कोंबून ठेवला. हे मी स्वतःच्या बुद्धीने केलं. ही खूश झाली असती.

१८ जानेवारी, रविवार
बसला!

हातरुमाल आठवणीने काढला. काळा पाइप असा बसला जणू याच गाडीसाठी जन्मला. दोन्ही टोकं आपापल्या जागी गेली, कुठे ओढाताण नाही. गंजलेले स्प्रिंग क्लॅम्प पक्कडीने बसवले. इंजिनात पडलेला स्क्रूही मिळाला.

पुलापर्यंत गेलो. शिट्टी बंद. फुस्सही बंद. जाताना दोनदा आणि येताना दोनदा जोरात पाय दिला. काही नाही. गाडी अगदी शांत, गुणी मुलासारखी. गळती होती हे सिद्ध झालं.

फौजदारांनी हात मिळवला. मला बरं वाटलं. गाडी लावून थोडा वेळ आत बसलो. हिला मोठ्याने सांगितलं, झालं गं तुझं काम. गाडीत कोणी नव्हतं, तेव्हा हरकत नाही.

२० जानेवारी, मंगळवार
वस्तू वाया घालवू नयेत. जुने क्लॅम्प चांगले आहेत, गंज नाही. एक वॉशिंग मशीनच्या नळीला लावला. तिथून थेंब थेंब पाणी यायचं ते थांबलं. चिरलेला निळा पाइप फौजदारांनी मागितला. आमच्या इमारतीचं लोखंडी फाटक फार आपटतं. त्यांनी पाइप त्याच्या कडेला गुंडाळून तारेने बांधला. आता फाटक आवाज न करता लागतं. सगळे माझं कौतुक करतात. पाइप फौजदारांनी बांधला, पण मूळ कल्पना माझी, असं ते स्वतःच सांगतात.

गंजलेल्या क्लॅम्पची तक्रार लिहून तयार आहे. मुलीला दाखवून पाठवणार.

सर्दी जवळजवळ गेली.

२४ जानेवारी, शनिवार
मुलगी दुपारी आली. बारीक झाली आहे. ती म्हणाली, बाबा, तुम्ही बारीक झालात. चहा झाला. मी चावी पुढे केली आणि म्हणालो, चल, चक्कर मारून ये, मी शेजारी बसतो. माझ्या चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

सीट तिला बरोबर लागली.

मोकळा रस्ता आला. तिने पाय दिला. मग पाय सोडला. परत दिला. मी तिच्याकडे न बघता बघत होतो. तिने गाडी बाजूला घेतली आणि विचारलं, बाबा, आवाज कुठे गेला?

मी म्हणालो, गेला ना? बंद केला. मी. पाइप बसवला.

कुठला पाइप?

मी सगळं सांगितलं. खोकं, टेप, वळ्या, साबण, गंज.  ती म्हणाली, बाबा, तो जुना होता. नवीन पाइप आईने मे महिन्यात बसवला. मी व्हिडिओ कॉलवर होते पूर्ण वेळ. तो निळा.

मी म्हणालो, पण खोकं बंद होतं. ती म्हणाली, आईने जुना धुऊन त्यात ठेवला. गाडी विकताना लागतो म्हणाली. टेप लावतानाही मी बघत होते.

मी म्हणालो, शिट्टी?

ती म्हणाली, त्याच्यासाठीच तर मागवला होता. टर्बोचा आवाज मोकळा ऐकू येतो त्याने. तुम्ही गाडीत बसायच्या आधी मला फोन लावायची, म्हणायची, आता बाबा काय म्हणतील सांग, आणि फोन चालू ठेवून जोरात पाय द्यायची. आणि मागून तुम्ही म्हणायचा, काच लाव. आम्ही दोघी थांबायचो तुमच्यासाठी. आई म्हणायची, सांगायचं नाही हं, ओळखू देत. दिवाळीपर्यंत ओळखतील.

 मग तिने विचारलं, निळा कुठे आहे?

परत आलो. ती गाडीतून उतरून फाटक लावायला गेली. फाटक आवाज न करता लागलं. तिने खाली पाहिलं. हात लावला. फौजदार त्यांच्या दारातून म्हणाले, तुझ्या वडिलांची कल्पना बरं का! ती म्हणाली, हो काका, कळलं.

वर येऊन मी तिला वॉशिंग मशीनचा क्लॅम्प दाखवला. त्यावरची लाल रेघ अर्धी स्क्रूवर, अर्धी पट्टीवर, आता जुळत नाही. ती म्हणाली, आई घट्ट केलं की त्यावर नेलपॉलिशची रेघ ओढायची. स्क्रू जरा जरी फिरला तर रेघ तुटते, लगेच दिसतं. मी म्हणालो, मला वाटलं कंपनीची खूण. ती हसायला लागली. मीही हसलो. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. मी नळ बंद कर म्हणालो नाही.

जेवताना म्हणाली, बाबा, नवीन मागवू, मिळतो. मी बसवीन तिकडे. मी म्हणालो, टॉर्च धरायला येईन. ती म्हणाली, या. फौजदार काकांना नका आणू.

नेलपॉलिशची बाटली तिला दिली. तक्रारीचा कागद फाडला.

२५ जानेवारी, रविवार
मुलगी उठायच्या आत चावी घेऊन खाली गेलो. सीट तशीच ठेवली. पुलापर्यंत गेलो. रस्ता रिकामा होता. पाय दिला, सोडला. परत दिला.

काच बंद होती. चार बोटं खाली केली. मग पूर्ण खाली केली.

नुसता वारा आला.